सीमाभागातून आंतरविद्याशाखीय संशोधन: पहिला प्रकल्प कोणत्या क्रमाने उभा करायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागातल्या डिग्री कॉलेजांतले तरुण प्राध्यापक, गेस्ट लेक्चरर आणि पीएच.डी. करणारी मुलं आपले प्रस्ताव मला वाचायला देतात. विषय बहुतेकांचे चांगले असतात. चुकतो तो क्रम. आधी शंभर घरांचं सर्वेक्षण उरकलेलं असतं. मग 'यात थोडं विज्ञान हवं होतं' असं वाटून रसायनशास्त्रातल्या मित्राला फोन होतो, आणि त्याच्या हाती येणारी माहिती त्याच्या काहीच उपयोगाची नसते. एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला आधी मंजुरी देणाऱ्या समितीची, आठवण होते ती जर्नलने मंजुरीचा क्रमांक मागितल्यावर. तिथून मागे फिरता येत नाही. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. काही एका दुपारचे आहेत, काहींना दोन-तीन महिने लागतील.

उदाहरण म्हणून एकच विषय शेवटपर्यंत धरतो: अथणी-निपाणी पट्ट्यातली कोल्हापुरी चप्पल. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांसाठी. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. कारागिरी एक, राज्यं दोन, भाषा दोन. असे विषय आपल्याकडे पावलोपावली आहेत: निपाणीच्या विडी कामगार बायका, कृष्णेचा पूर, खानापूरची माती आणि मडकी, भीमगडच्या जंगलाकाठची गावं. मोठ्या शहरातल्या संशोधकाला इथं यायला प्रवासखर्च आणि दुभाषा लागतो. तुम्हाला दोन्ही भाषा कानावर घेऊन रोज बाजारात जाता येतं. ही संधी खरी आहे, म्हणूनच ती घाईने वाया जाताना वाईट वाटतं.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात आणा

'कोल्हापुरी चप्पल व्यवसायाचा आंतरविद्याशाखीय अभ्यास' हे शीर्षक झालं, प्रश्न नाही. प्रश्न असा असतो: 'बाभळीची साल आणि हिरडा वापरून घरीच कातडं कमावणारी घरं आणि तयार कातडं विकत आणणारी घरं यांच्या कमाईत आणि हातांच्या त्वचेच्या तक्रारींत काय फरक आहे?'

आता यातला एकेक विषय हाताने झाकून बघा. अर्थशास्त्र झाकलं तर कमाई जाते, आरोग्य झाकलं तर त्वचा जाते, आणि दोन्ही वेळा प्रश्न लंगडा होतो. म्हणजे दोन्ही विषय गरजेचे आहेत. एखादा विषय झाकूनही प्रश्न तसाच उभा राहत असेल, तर तो विषय प्रस्ताव भारदस्त दिसावा म्हणून आला आहे. काढून टाका.

पहिल्या प्रकल्पाला दोन विषय पुरेत. वरच्या प्रश्नात मला कायदा, भाषा, पाण्याचं प्रदूषण, बायकांच्या कामाचे तास हे सगळं घालायचा मोह होतो. ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, पुढच्या प्रकल्पांना लागेल.

तपासा: हे वाक्य दुसऱ्या विषयातल्या एका व्यक्तीला आणि घरातल्या एका व्यक्तीला वाचून दाखवा. दोघांनाही स्पष्टीकरण न देता कळलं, तरच पुढे जा.

## टप्पा २: आपला मूळ विषय आणि नोकरीचा हिशेब

हा टप्पा तरुण प्राध्यापक टाळतात, कारण तो संशोधनाचा वाटत नाही. पण पुढची दहा वर्षं यावर अवलंबून असतात.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत निवड आणि बढतीच्या हिशेबासाठी शोधनिबंधाला विज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक, कृषी या शाखांत ८ गुण आहेत. भाषा, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रांत १०. लेखक दोन असले तर प्रत्येकाला ७० टक्के मिळतात. दोनाहून जास्त असले तर प्रमुख लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. म्हणजे समाजशास्त्राच्या शिक्षकाने चौघांच्या निबंधात तिसरं नाव लावलं, तर हाती ३ गुण येतात. तोच निबंध दोघांनी लिहिला असता तर ७ आले असते. संयुक्त प्रकल्पात प्रमुख संशोधक आणि सहसंशोधक यांना निम्मे-निम्मे. म्हणून पहिल्या प्रकल्पात माणसं कमी ठेवा. आंतरविद्याशाखीय कामात नावांची रांग वाढत जाते आणि सर्वांत नवख्या माणसाचा वाटा सर्वांत आधी घटतो. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या नियमावलीचा मसुदा काढला होता. तुमच्या विद्यापीठात आज नेमका कोणता नियम लागू आहे, हे आस्थापना विभागाकडून लेखी मागून घ्या.

पीएच.डी.साठी नोंदणी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघायची आहे. भरतीच्या जाहिरातीत 'संबंधित किंवा संलग्न विषय' असं लिहिलेलं असतं आणि छाननी करणारे पदवीवर छापलेला विषय वाचतात. माझं मत स्पष्ट आहे: नोंदणी आपल्या मूळ विषयात करा आणि दुसऱ्या विषयातून सहमार्गदर्शक घ्या. २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने दुसऱ्या विभागातला, अगदी दुसऱ्या संस्थेतलाही, सहमार्गदर्शक घेता येतो. सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, तेव्हा मार्गदर्शकाकडे जागा आहे का, हे विषयावर बोलण्याआधी विचारा.

सीमेवरच्या मुलांसाठी खास: सहायक प्राध्यापकाच्या पात्रता परीक्षांपैकी के-सेट कर्नाटकात चालते, महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोव्यात. दोन्हीकडे अर्ज करायचे असतील तर देशभर चालणारी नेट काढलेली बरी.

## टप्पा ३: भागीदार शोधा, पण प्रश्न घेऊन जा

बेळगावहून दिवसात जाऊन येता येईल एवढ्या अंतरात जे आहे, ते फार कमी ठिकाणी असतं. गावात आणि आसपास राणी चन्नम्मा विद्यापीठ, मच्छेला विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था, केएलईचं वैद्यकीय महाविद्यालय, साखरेसाठी निजलिंगप्पा साखर संस्था. धारवाडला कर्नाटक विद्यापीठ, कृषी विद्यापीठ आणि २०१६ पासून आयआयटी. उत्तरेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर शिवाजी विद्यापीठ. निपाणीकरांना तर बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ.

पहिल्या पत्रात वीस पानांचा प्रस्ताव जोडू नका. टप्पा १ मधलं वाक्य, तुम्ही काय करणार ते दोन ओळींत, आणि समोरच्याकडून नेमकं काय हवं ते एका ओळीत, एवढंच लिहा. मग त्यांच्याकडे प्रत्यक्ष जा. डॉक्टर असतील तर ओपीडी संपायच्या वेळी, प्रयोगशाळा असेल तर प्रात्यक्षिक परीक्षेचे दिवस सोडून. त्यांचं काम कसं चालतं ते डोळ्यांनी बघा आणि तीन प्रश्न विचारा: तुमच्या विषयात किती घरं किंवा किती नमुने असले म्हणजे पुरावा मानतात? यातून तुम्हाला काय छापता येईल? वर्षात कोणते महिने मोकळे?

मोठ्या नावाच्या प्राध्यापकामागे धावू नका. सही मिळते, वेळ मिळत नाही. आपल्याच वयाचा, आपल्याइतकाच पहिल्या प्रकल्पाची निकड असलेला भागीदार जास्त उपयोगी पडतो. ज्येष्ठ व्यक्तीला सल्लागार म्हणून ठेवा.

सावधान: भागीदार प्रश्न ठरताना हवा. निष्कर्ष लिहिताना त्याला बोलावलं तर तो फक्त आकडे तपासून देतो, आणि परीक्षक पहिल्याच वाचनात ते ओळखतात.

## टप्पा ४: एका पानाचा लेखी करार

मैत्रीत लिहून कशाला घ्यायचं, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. माझ्या पहिल्या संयुक्त कामात मुलाखतींच्या सगळ्या नोंदी एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. वर्षभराने भागीदार दुसऱ्या संस्थेत गेले आणि त्यांच्या नव्या निबंधात आमचीच घरं, आमचेच आकडे दिसले. माझं नाव आभारात होतं. भांडण करायला हातात कागद नव्हता. ज्या घरांनी मला विश्वासाने माहिती दिली होती, त्यांना काय सांगावं, हे मला कितीतरी दिवस सुचलं नाही.

म्हणून पहिली मुलाखत घेण्याआधी एक पान लिहा, दोघांच्या सह्या करा, दोन्ही विभागप्रमुखांना प्रत द्या. त्यात एवढं हवं:

1. कोण कोणती माहिती गोळा करणार, मूळ नोंदी कुणाच्या ताब्यात राहणार.
2. एकमेकांच्या संमतीशिवाय माहिती कुठं वापरायची नाही, संस्था बदलली तरी.
3. किती निबंध, कोणत्या विषयाच्या जर्नलात, प्रत्येकात पहिलं नाव कुणाचं.
4. खर्च कुणी किती करायचा, बिलं कुणाच्या नावाने.
5. कुणी मध्येच सोडलं तर काय.

तिसरं कलम नीट लिहा, कारण नावांच्या क्रमाचा अर्थ प्रत्येक विषयात वेगळा असतो. वैद्यकात शेवटचं नाव ज्येष्ठ संशोधकाचं मानतात. अर्थशास्त्रात पुष्कळदा आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने लावतात. मराठी, इतिहास या विषयांत एकट्याने लिहायची सवय असते. एकाला जो क्रम मान वाटतो, तो दुसऱ्याला अपमान वाटू शकतो.

## टप्पा ५: शब्द आणि मोजमापं जुळवा

दोन विषयांची माणसं एकाच शब्दाने वेगळं बोलतात. 'केस' म्हणजे डॉक्टरला रुग्ण, वकिलाला खटला, समाजशास्त्रज्ञाला सखोल अभ्यासायचं एक घर किंवा गाव. 'नमुना' म्हणजे सांख्यिकीवाल्याला निवडलेली घरं, रसायनवाल्याला बाटलीतलं पाणी. असे पंधरा-वीस शब्द एका कागदावर लिहा आणि प्रत्येकाचा एकच अर्थ ठरवा.

आपल्याकडे त्यावर मराठी-कानडीचा थर येतो. मराठीत 'अनुमान' म्हणजे निष्कर्षाकडे नेणारा तर्क, कानडीत 'अनुमान' म्हणजे संशय. आपला 'अभ्यास' म्हणजे पुस्तकं वाचणं, कानडीत सराव किंवा सवय. अथणीत कानडी कारागिरासमोर मराठी वाक्य तसंच कानडीत नेलंत, तर शब्द ओळखीचा वाटतो आणि अर्थ हातातून जातो. अशा चुका पकडणं सगळ्यात कठीण, कारण दोघांनाही आपल्याला समजलं असंच वाटतं.

मोजमापांत तर नेहमी फसगत होते. जमिनीचंच घ्या. कर्नाटकच्या पहाणीत क्षेत्र एकर-गुंठ्यात असतं, महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. पहाणीतला १.२० म्हणजे १ एकर २० गुंठे, अर्थात दीड एकर, कारण ४० गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यातला १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर, जवळजवळ तीन एकर. दोन्ही उताऱ्यांवरून एक्सेलमध्ये १.२० टाकलंत, तर संगणक दोन्ही सारखेच मानतो. सीमेच्या एका बाजूची शेतं दुप्पट झालेली कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून एकर आणि गुंठे वेगळ्या रकान्यांत लिहा, गुंठ्यांना ४० ने भागा, आणि मग सगळं हेक्टरमध्ये आणा. भागीदार गणितातला असला तरी हे काम तुम्ही स्वतः करा. गुंठा म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे.

तपासा: दोन्ही बाजूंचे पाच-पाच उतारे हाताने मोजून संगणकातल्या आकड्यांशी ताडून बघा.

## टप्पा ६: जुनी माहिती गोळा करताना नावांचे सापळे

गावनिहाय आकडे अजून २०११ च्या जनगणनेचेच आहेत. त्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याचे दहा तालुके होते. निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात, कागवाड अथणीत, मूडलगी गोकाकमध्ये. बैलहोंगल तालुका संपगाव या नावाने सापडेल आणि सौंदत्ती परसगड या नावाने. आजच्या तालुक्याचं नाव टाकून आकडे मिळाले नाहीत, की 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिणारे प्रबंध मी पाहिले आहेत.

शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बेळगावी झालं, विजापूरचं विजयपुरा. त्यामुळे संदर्भ शोधताना जुनं आणि नवं, दोन्ही स्पेलिंग टाका, नाहीतर अर्धे निबंध दिसतच नाहीत.

१९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे आधीची सरकारी कागदपत्रं शोधायची तर मुंबईच्या पुराभिलेखागारापासून सुरुवात करा. १८८४ चा जिल्हा गॅझेटिअरही मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकविसावा खंड आहे. रामदुर्ग १९४८ पर्यंत वेगळं संस्थान होतं, म्हणून ब्रिटिशकालीन बेळगाव जिल्ह्याच्या बेरजेत ते धरू नका. मोडी कागद लागणार असतील तर वाचणारा माणूस आधी गाठा आणि त्याच्या मानधनाची तरतूद खर्चात करा.

## टप्पा ७: प्रश्नावली आधी, परवानगी मग, गावात पाऊल सर्वांत शेवटी

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. एथिक्स कमिटीला प्रश्नावली आणि संमतीपत्र स्थानिक भाषेत जोडूनच अर्ज द्यावा लागतो. झालेल्या कामाला मागाहून मंजुरी मिळत नाही. चाचणी म्हणून घेतलेल्या मुलाखतींनाही मंजुरी लागते. त्याआधी गावात जाऊन ओळख करून घ्यायला, चहा प्यायला, कोण काय करतं ते समजून घ्यायला हरकत नाही. फक्त माहिती नोंदवायची नाही.

प्रश्नावली अशी तयार करा. मूळ मसुदा मराठीत लिहा, इंग्रजीत नव्हे. एकजण तो कानडीत करेल. दुसरा, ज्याने मराठी मसुदा पाहिलेलाच नाही असा, तो परत मराठीत आणेल. दोन्ही मराठी मसुदे शेजारी ठेवून वाचा. जिथं फरक आहे तिथं प्रश्नच संदिग्ध आहे, अनुवादकाला दोष देऊ नका. उर्दू बोलणारी घरं असतील तर तीही प्रत करा.

भाषेबद्दलचा प्रश्न अगदी शेवटी ठेवा. 'मातृभाषा कोणती?' असं विचारलंत की आपल्या भागात माणूस आधी तुमच्याकडे बघतो, मग खिशातल्या ओळखपत्राकडे. 'घरात काय बोलता? बाजारात काय बोलता? मुलांची शाळा कोणती?' असं विचारा. उत्तर खरं येतं आणि कुणी दुखावत नाही. जातीबद्दल आणि कातड्याच्या कामाबद्दल लिहिताना घरातली माणसं स्वतःसाठी जो शब्द वापरतात तोच घ्या. गावातले इतर जो वापरतात तो नव्हे.

त्वचेची तपासणी असेल तर ते आरोग्य संशोधन झालं. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात आणि कमिटी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली लागते. तुमच्या कॉलेजात कमिटी नसेल तर करार करून दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे जाता येतं. वैद्यकीय भागीदार असण्याचा हा मोठा फायदा. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्यासाठी संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि प्रकल्पाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही घ्यायची.

बाकीच्या परवानग्या प्रश्नावर अवलंबून. शाळेत जायचं तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कचेरी, गावात बैठक घ्यायची तर ग्रामपंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी). भीमगड अभयारण्यात काम असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी. झाडपाल्याचं ज्ञान किंवा नमुने असतील आणि भागीदार परदेशी असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे आधी जावं लागतं.

कर्नाटकातल्या कचेऱ्यांना अर्ज कानडीत द्या. ज्यांचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं त्यांना हे जड जातं, हे मी स्वतःच्या अनुभवाने जाणतो. कानडी विभागातल्या सहकाऱ्याकडून एक चांगला मसुदा करून घ्या, तो वर्षानुवर्षं उपयोगी पडतो. आणि अलीकडची परवानगी पलीकडे चालत नाही. कागल किंवा मिरजेकडची गावं घेतलीत तर महाराष्ट्रातल्या कार्यालयांकडे स्वतंत्र, मराठीतला अर्ज.

सावधान: १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपासचे दिवस आणि निवडणुकीचे आठवडे सर्वेक्षणासाठी ठेवू नका. तुमचा कागद कोणत्या पक्षाचा, हाच प्रश्न आधी येईल.

## टप्पा ८: दहा घरांची चाचणी

मंजुरी हातात आली की थेट शंभर घरांकडे जाऊ नका. दहा घरं घ्या, आणि दोन्ही भागीदार बरोबर जा. विद्यार्थ्यांना पाठवून हा टप्पा होत नाही.

अथणी तालुक्यातल्या एका गावात अशा चाचणीला गेलो होतो. ओसरीवर एक मावशी वेणी घालत बसल्या होत्या, म्हणजे चपलेच्या पट्ट्यावर बसणारी ती चामड्याची बारीक गुंफण. वाद्या मांडीवर, पाण्याचा वाडगा शेजारी, आणि बोटं आमच्याकडे न बघता चाललेली. मी कागदावरचा प्रश्न वाचला: 'आपलं मासिक उत्पन्न किती?' त्या थांबल्या, आत नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "महिन्याचं कसं सांगू सर? जोड मोजतो आम्ही. बाजाराला किती जोड गेले ते विचारा की. आणि पावसात विचारू नका, पावसात कातडं वाळत नाही."

त्या तीन वाक्यांनी आमची प्रश्नावली बदलली. उत्पन्न महिन्याऐवजी जोडांत आणि आठवड्याच्या बाजारात विचारायला लागलो. पावसाळा आणि उन्हाळा वेगळा केला. आणि त्यांनी आत बघितलं त्यावरून कळलं, की बाईच्या कामाबद्दल बाईलाच, वेगळं बसून विचारायला हवं. बरोबरच्या डॉक्टरांनी आणखी एक टिपलं, जे मला दिसलंच नव्हतं: भिजलेल्या वाद्या सतत हाताळल्याने बोटांच्या पेरांची कातडी फुगलेली होती. त्वचेचा प्रश्न कमावणाऱ्यांपुरताच आम्ही मानला होता, वेणी घालणाऱ्यांना विचारणारच नव्हतो.

प्रश्नावलीत असे बदल झाले की ते एथिक्स कमिटीला कळवून सुधारित मंजुरी घ्या. जुन्या मंजुरीवर नवे प्रश्न विचारणं म्हणजे मंजुरीशिवाय विचारणं.

तपासा: दहापैकी तीन घरांत तोच प्रश्न अडला, तर प्रश्न बदला. दोन्ही भागीदारांनी त्याच भेटीच्या नोंदी वेगवेगळ्या लिहून मग ताडून बघा.

मुख्य सर्वेक्षण सुरू झालं की नावं आणि उत्तरं वेगळ्या फायलींत ठेवा, मध्ये फक्त क्रमांक. दर आठवड्याला अर्धा तास दोघांनी बोला, फोनवर चालेल.

## टप्पा ९: पैशांसाठी अर्ज, आत्ता

दहा घरांची चाचणी हातात असलेला अर्ज आणि नुसत्या कल्पनेचा अर्ज यांतला फरक समितीला लगेच दिसतो. म्हणून निधीचा टप्पा इथं ठेवला आहे.

सामाजिक शास्त्रांची बाजू भारी असेल तर आयसीएसएसआरचे (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे) लघु आणि बृहत् प्रकल्प. विज्ञानाची बाजू भारी असेल तर कर्नाटक सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान गटाच्या, म्हणजे व्हीजीएसटीच्या योजना, आणि राष्ट्रीय पातळीवर अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानची तरुण संशोधकांसाठीची योजना. ती नियमित पदावरच्यांसाठी आहे आणि तिला वयाची अट आहे. एकाच प्रकल्पाला दोन्ही बाजू सारख्याच भारी आहेत असं लिहिलंत, तर दोन्हीकडचे परीक्षक 'हे आमचं नव्हे' म्हणतात. मूळ विषय टप्पा २ मध्ये ठरवला तो इथं कामाला येतो.

कॉलेजला यूजीसी कायद्याची २(फ) आणि १२(ब) मान्यता, म्हणजे केंद्राच्या निधीला पात्र ठरवणारी मान्यता, आहे का ते आधी बघा. गेस्ट लेक्चररांना स्वतःच्या नावाने बहुतेक मोठे प्रकल्प घेता येत नाहीत. हा अन्याय मला बोचतो, कारण गावोगावची ओळख बहुधा त्यांचीच असते. अशा वेळी नियमित प्राध्यापक प्रमुख राहतील, पण टप्पा ४ च्या करारात निबंधातलं पहिलं नाव तुमचं, हे लिहून घ्या. जो प्रमुख हे लिहून द्यायला तयार नाही, त्याच्याबरोबर जाऊ नका.

खर्चात अनुवाद, मुलाखत देणाऱ्यांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि प्रवास धरा. तरुण संशोधक हे तीन खर्च विसरतात आणि शेवटी पगारातून भरतात.

## टप्पा १०: लिहिणं

एका प्रकल्पातून साधारण दोन निबंध बघा: एक तुमच्या विषयाच्या जर्नलात, एक भागीदाराच्या. प्रत्येकात दुसऱ्या विषयाची पद्धत पूर्ण लिहा. अर्थशास्त्राच्या वाचकाला त्वचेची तपासणी कशी केली ते ठाऊक नसतं, आणि डॉक्टरला 'जोडांवरून उत्पन्न' म्हणजे काय ते कळत नाही.

यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता जर्नल खरं की खोटं, हे तुम्हाला आणि तुमच्या संस्थेला ठरवायचं आहे. स्वतःहून मेल करून लेख मागणारं, चार दिवसांत स्वीकारणारं आणि स्वीकारल्याबरोबर पैशांचं बोलणारं जर्नल सोडा. संपादक मंडळातल्या दोन जणांना पत्र लिहून खात्री करा. खरे संपादक उत्तर देतात.

निबंध पाठवण्याआधी एक पान मराठीत आणि एक कानडीत लिहा: काय विचारलं, काय सापडलं. ते घेऊन त्याच ओसऱ्यांवर जा आणि मोठ्याने वाचून दाखवा. त्या मावशींना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं. आम्ही दिवाळीच्या आठवड्यातले जोड नेहमीच्या आठवड्यात धरले होते. तक्ता त्याच रात्री दुरुस्त केला.